लेकराच्या हातात कोणतं ॲप?

(फलटण परिसरातील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या रोजच्या गोष्टीवर. दिवेलागणीची वेळ असते. म्हशीची धार काढायची असते, भाकरी थापायच्या असतात, कंपनीत पाळीला गेलेलं माणूस घरी यायचं असतं. आणि नेमकं त्याच वेळी तीन वर्षांचं धाकटं पदराला धरून रडत असतं. मग आपण काय करतो? मोबाइल देतो. लेकरू गप्प होतं आणि आपल्या भाकरी होतात.

यावर शहरातले शहाणे लोक सांगतात, “मुलांना मोबाइल देऊच नका.” सांगायला काय जातंय! घरात माणसं कमी झाली, अंगणात खेळायला चुलत भावंडं राहिली नाहीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि बाईचं काम मात्र तेवढंच आहे. तेव्हा मोबाइल दिला म्हणून कुणी आई वाईट ठरत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण एकदा का मनात अपराधी वाटायला लागलं की माणूस विचार करायचं सोडून देतं. आपल्याला तर आज विचारच करायचाय. तो अर्धा तास मोबाइल द्यायचाच असेल, तर त्यात काय लावून द्यायचं?

आता आपल्या गटाचं उदाहरण घ्या. गटातून पाच हजारांचं कर्ज द्यायचं झालं, तरी आपण किती चौकशी करतो! पैसे कशाला पाहिजेत, फेड कशी करणार, जामीन कोण राहणार. सगळ्या जणी बसून ठरवतो, मगच वहीत नोंद होते. आणि ज्याच्या हाती आपलं लेकरू रोज अर्धा तास सोपवतो, त्या ॲपला मात्र एक प्रश्न विचारत नाही. कुणीतरी डाउनलोड करून दिलेलं असतं, किंवा पोरानं स्वतःच बोट लावून घेतलेलं असतं. तेव्हा कर्जाची करतो तशीच ॲपची चौकशी करायची. त्यासाठी पाच प्रश्न सांगते. लिहिता येत असेल तर लिहून घ्या, नाहीतर पाच बोटांवर मोजून लक्षात ठेवा.

पण त्याआधी वयाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं, असं त्यात सांगितलंय. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला तसाच आहे. बाप पुण्या-मुंबईला कामाला असेल, मामा लष्करात असेल, तर व्हिडिओ कॉलवर बाळाला त्यांच्याशी बोलू द्यायला हरकत नाही. तिथं समोर खरं माणूस असतं. बाळ हसलं की ते हसतं, बाळ ‘बा’ म्हणालं की तेही ‘बा’ म्हणतं. म्हणजे दीड वर्षाच्या बाळासाठी कोणतं ॲप चांगलं, याचं उत्तर एकच : कोणतंच नाही. पुढचे प्रश्न आहेत ते दोन वर्षांवरच्या मुलांसाठी.

पहिला प्रश्न. हे ॲप लेकराचं तोंड उघडतं की बंद करतं?

पाचातला हा सगळ्यात मोठा प्रश्न. मूल बोलायला कसं शिकतं ते आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. आपण “चिऊ कुठंय?” विचारतो, ते बोट दाखवतं. आपण “उडाली!” म्हणतो, ते “लाली!” म्हणतं. चेंडू इकडून तिकडं टाकावा तसं बोलणं चालतं. मोबाइलवरचं कार्टून एकटंच बोलत राहतं. लेकरानं काय म्हटलं ते त्याला ऐकू येत नाही, आणि ते लेकराची वाट बघत नाही. म्हणून मूल मोबाइल बघत असताना दोन मिनिटं त्याच्या तोंडाकडं बघा. ते गाण्याबरोबर गातंय, गोष्टीत वाघ आला की ओरडतंय, तुम्हाला हाक मारून “आई, बघ” म्हणतंय, तर ठीक आहे. डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं, हाक मारली तरी ऐकू येत नाही, असं असेल तर ते ॲप काढून टाका.

आपल्याला वाटतं, मूल गप्प बसलंय म्हणजे ॲप चांगलं. लेकरासाठी ते उलटं आहे. आपल्याला गप्प मूल सोयीचं असतं, आणि त्याची वाढ मात्र बोलण्यानं होते. तीन वर्षं होत आली तरी मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी मोबाइल कमी करा, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा अंगणवाडीच्या ताईंना दाखवा. “त्याचा बापही उशिरा बोलला” म्हणून थांबू नका. कारण दुसरं असेल तर तेही वेळेवर कळतं.

दुसरा प्रश्न. हे ॲप आपल्या भाषेत बोलतं का?

आपल्या फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई साठच्या दशकात अमेरिकेहून आल्या, त्या इथल्या बोलीचा अभ्यास करायला. पुढं त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि त्यांनी फलटणलाच घर मानलं. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा त्यांनी उभी केली. त्या कामातून फलटणकरांच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट राहिली, ती अशी की मूल घरून जी बोली घेऊन येतं ती चूक नसते, तिच्यावरच वाचन-लेखन उभं राहतं. परदेशातून आलेल्या बाईंना आपल्या बोलीचं मोल कळलं. आपण मात्र पोरगं मोबाइल बघून “रेड, यलो, ग्रीन” म्हणायला लागलं की पाहुण्यांपुढं उभं करतो, आणि “तांबडा, पिवळा” येत नाही याचं आपल्याला काही वाटत नाही.

इंग्रजी शिकायचं, जरूर शिकायचं. पण तीन वर्षांच्या मुलाला आधी भरपूर मराठी शब्द पाहिजेत. तेव्हा मराठी गोष्टी, मराठी गाणी ज्यात आहेत ते आधी निवडा. आणि त्यातलं मराठी ऐकून बघा. काही ठिकाणी इंग्रजीवरून यंत्रानं केलेलं असं विचित्र मराठी असतं की आपल्यालाच कळत नाही, मग लेकराला काय कळणार!

तिसरा प्रश्न. हे ॲप थांबतं का?

आजीची गोष्ट संपते. बडबडगीत संपतं. संपलं की मूल म्हणतं “पुन्हा!” किंवा उठून खेळायला जातं. पण मोबाइलवर कितीतरी गोष्टी अशा बनवलेल्या असतात की त्या संपतच नाहीत. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. रील आणि शॉर्ट्स तर बोटानं सरकवायचं काम, तळ लागतच नाही. मोठ्या माणसाला तिथून उठवत नाही, तर चार वर्षांच्या पोराला “आता बस” कसं कळणार? मग आपण मोबाइल हिसकावून घेतो आणि ते जमिनीवर लोळण घेतं. त्यात पोराचा हट्ट थोडा आणि त्या व्हिडिओची रचना जास्त कारणीभूत असते.

तेव्हा ज्याला शेवट आहे ते निवडा. एक गोष्ट, एक कोडं, एक चित्र रंगवायचं. यूट्यूब दाखवायचंच असेल तर मोठ्यांचं यूट्यूब देऊ नका. ‘यूट्यूब किड्स’ नावाचं वेगळं ॲप आहे. त्यात मुलाच्या वयाप्रमाणं निवड करता येते, शोधायची खिडकी बंद करता येते, आपण पसंत केलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, आणि वेळ लावता येते. वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. मग भांडण आईशी होत नाही, “मोबाइलच झोपला” म्हणता येतं. पण एक लक्षात ठेवा, त्यातही जाहिराती असतात. आणि ते नुसतं हातात देऊन भागत नाही, या सोयी आधी आपण लावून ठेवाव्या लागतात.

चौथा प्रश्न. हे फुकट आहे, तर पैसे कुठून काढतं?

बाजारात कुणी फुकट काही देऊ लागला की आपण सावध होतो. ॲपचंही तसंच. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, यात जाहिराती आहेत, यात खरेदी आहे. ती ओळ वाचायची, वाचता येत नसेल तर थोरल्या मुलीकडून वाचून घ्यायची. जाहिराती असलेल्या खेळात पोराचं बोट चुकून जाहिरातीवर पडतं आणि दुसरंच काही उघडतं. कधी कधी तर मुलांनी बघू नये असं काही. ‘खरेदी’वाल्या खेळात पुढची पायरी चढायला पैसे मागतात.

आणि आपल्या मोबाइलमध्ये आता नुसते फोटो नसतात. बँकेचा मेसेज, पैसे पाठवायचं ॲप, गटाच्या हप्त्याचा हिशोब, सगळं त्यातच आहे. म्हणून तीन कामं करा. एक, पैशाच्या ॲपला वेगळं कुलूप लावा आणि पिन पोरासमोर टाकू नका, पोरं बघून शिकतात. दोन, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या आधी पासवर्ड मागेल असं करून ठेवा. तीन, बऱ्याच मोबाइलमध्ये ‘ॲप पिन करणं’ अशी सोय असते. ती लावली की उघडलेलं एकच ॲप समोर राहतं, पोराला बाहेर पडून दुसरीकडं जाता येत नाही. आणि नेटशिवाय चालणारं ॲप असेल तर नेट बंद करूनच मोबाइल द्या. बऱ्याचशा जाहिराती त्यानंच थांबतात, आणि दिवसाचा डेटाही वाचतो.

पाचवा प्रश्न. हे ॲप आपल्याकडं काय मागतं?

ॲप सुरू करताना ते परवानगी विचारतं. फोन नंबर बघू का, कॅमेरा वापरू का, तुम्ही कुठं आहात ते बघू का. आपण न वाचता ‘हो, हो’ करत जातो. आता विचार करा. मुलाचं वाचन ऐकणाऱ्या ॲपला माईक लागणार, हे पटण्यासारखं आहे. पण चित्र रंगवायच्या ॲपला तुमच्या मोबाइलमधले सगळे नंबर कशाला पाहिजेत? हे म्हणजे सुई मागायला आलेल्या बाईनं कपाटाची किल्ली मागितल्यासारखं झालं. सरळ नाही म्हणायचं, आणि नाही म्हटल्यावर चालतच नसेल तर काढून टाकायचं. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची संमती लागते, असं त्यात म्हटलंय. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा हक्क आपला आहे, तो वापरायचा.

आता तुम्ही म्हणाल, “ताई, प्रश्न कळले, पण नावं सांगा.” दोन-तीन नावं सांगते. त्यांनाही हे पाच प्रश्न विचारूनच घ्या, कारण ॲप बदलत असतात.

प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. हे मोबाइलवर उघडणारं गोष्टींचं ग्रंथालयच आहे. फुकट आहे, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, चित्रं सुरेख आहेत, आणि सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीच्या गोष्टीत एका पानावर एखादंच वाक्य असतं. मुलाला मांडीवर घेऊन दोघांनी मिळून बघायला हे उत्तम. चित्राकडं बोट करून विचारायचं, “ही कुठं निघाली असेल गं?”

दुसरं, गूगलचं ‘रीड अलाँग’. आपल्या देशात ते २०१९ साली ‘बोलो’ या नावानं आलं होतं. मूल मोठ्यानं वाचतं आणि मोबाइल ऐकतो, अडलं तर मदत करतो. मराठीतही चालतं, आणि गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. हे नुकतं वाचायला लागलेल्या, पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. पण घरात थोरली पहिली-दुसरीत असेल तर तिला धाकट्याला शेजारी बसवून वाचायला सांगा. तिचं वाचन होतं, धाकट्याची गोष्ट होते, आणि तुमचा स्वयंपाक होतो.

इंग्रजीची हौस असेल तर ‘खान अकॅडमी किड्स’ आहे. दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, फुकट, जाहिरातींशिवाय. आपल्या दुसऱ्या प्रश्नात ते नापास होतं, कारण ते इंग्रजीत आहे. तेव्हा ते मराठीच्या जागी नको, मराठीच्या नंतर.

आणि एक ॲप तर तुमच्या मोबाइलमध्ये आधीपासूनच आहे, पैसे नाहीत, जाहिरात नाही. आवाज रेकॉर्ड करायचं. आजीला सांगा, चिऊ-काऊची गोष्ट सांगा, पालखी फलटणला मुक्कामाला आली की त्यांच्या लहानपणी घरात काय धांदल असायची ते सांगा. पाच मिनिटांचं रेकॉर्ड करा. तुम्ही भाकरी करताना मोबाइल पालथा ठेवा आणि ते लावून द्या. स्क्रीन बघायची नाही, नुसतं ऐकायचं. जसं तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय. मोबाइलमधल्या चिऊचं चित्र दुसऱ्यानं काढलेलं असतं. ऐकलेली चिऊ मूल स्वतःच्या डोक्यात काढतं. शिवाय हात मोकळे राहतात, शेंगा निवडता निवडता, डबे रचता रचता ऐकता येतं. आणि आजीचा आवाज घरात राहतो.

दोन पथ्यं सांगते. जेवताना मोबाइल नको. पोट भरलं की नाही याकडं मुलाचं लक्षच राहत नाही, घास नुसते गिळले जातात. सुरुवातीचे चार दिवस रडेल, कमी खाईल, पण भूक लागली की खाईल. आणि झोपायच्या आधी तासभर मोबाइल बंद, नाहीतर झोप लांबते आणि सकाळी अंगणवाडीत जाताना चिडचिड.

आता शेवटची गोष्ट, आणि ती ॲपपेक्षा मोठी आहे. हे सगळं एकट्या आईनं करायचं म्हटलं तर होणार नाही. आई मोबाइल काढून घेणार आणि आजोबा आपला देणार, बाप घरी आल्यावर स्वतः रील बघत बसणार, मग पोर कुणाचं ऐकणार? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या तरी पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत घराघरातला टीव्ही आणि मोबाइल बंद राहील. सरपंचांनी ही कल्पना मांडली तेव्हा आधी पुरुष मंडळींनी हसण्यावारी नेली. बायकांनी मात्र उचलून धरली. आपणही मालिका जास्त बघतो, तर आपलाही टीव्ही बंद, असं त्यांनी कबूल केलं. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांची सभा झाली, मग गावानं निर्णय केला. वडगावचं नाव देशभर झालं.

वडगावातून घ्यायची गोष्ट ही, की तिथं एकट्या आईला पोराशी भांडावं लागलं नाही. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. “शेजारचा बघतोय, मग मी का नको?” हे पोराला म्हणता येत नाही. आणि त्या दीड तासात बापालाही घरातल्या माणसांकडं बघायला वेळ मिळतो. लेकराला रमवणं हे एकट्या आईचं काम नाही. दहा मिनिटं पाठीवर घेऊन घोडा व्हायला बापाला काय होतंय?

आपल्या गावात भोंगा बसेल की नाही, ते पुढचं पुढं. गटाच्या हातात आहे ते करू. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं राखून ठेवा. ज्यांच्या घरी सहा वर्षांखालची मुलं आहेत त्यांनी आपापले मोबाइल काढावेत. मुलं कोणतं ॲप बघतात ते सगळ्यांसमोर उघडावं, आणि पाच प्रश्न विचारावेत. तोंड उघडतं का? आपल्या भाषेत आहे का? थांबतं का? पैसे कुठून काढतं? काय मागतं? पास झालेल्याचं नाव गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. नापास झालेलं तिथंच, बैठकीत बसूनच काढून टाका. मोबाइल समजणारी एखादी कॉलेजची मुलगी बोलवा, कुलूप कसं लावायचं ते तिच्याकडून सगळ्या जणी शिकून घ्या.

आणि एक प्रश्न वहीत लिहायचा नाही, पण प्रत्येकीनं घरी जाऊन विचारायचा : माझ्या लेकराशी आज कोण, किती वेळ बोललं? त्याचं उत्तर भरभरून असेल, तर अर्ध्या तासाच्या मोबाइलची फार धास्ती घेऊ नका.

तुमच्या गटात कोणती ॲप पास झाली, कोणती नापास झाली, ते आम्हाला जरूर कळवा. इथूनच सगळ्यांना सांगू.